गोड्या पाण्याच्या मत्स्यटाकीत जड दगड सुरक्षितपणे कसे बसवावेत

मोठ्या दगडांची रचना केलेली टाकी पाहिली की आपल्याही टाकीत तसे काही करावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र दहा-बारा किलोंचा दगड हातात घेऊन काचेसमोर उभे राहिल्यावर मनात शंका येऊ लागतात. तळाची काच एवढे वजन पेलेल का, दगड रात्री-अपरात्री घसरला तर काय, त्यातून पाण्यात काही उतरून मासे आजारी तर पडणार नाहीत ना? या तिन्ही शंका रास्त आहेत आणि तिघींनाही समाधानकारक उत्तर आहे. फक्त काम योग्य क्रमाने व्हायला हवे. दगडांच्या टाक्या रचताना आणि इतरांच्या रचना सावरून देताना जो क्रम मला खात्रीचा वाटत गेला, तोच येथे दिला आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढची बहुतेक खबरदारी तिच्यावरच उभी आहे. चांगल्या बांधणीची टाकी दगडांच्या एकूण वजनामुळे सहसा फुटत नाही. ती फुटते ते सगळे वजन दगडाच्या एखाद्या टोकाखाली एकवटल्यामुळे किंवा नीट न बसवलेला दगड कलंडून काचेवर आदळल्यामुळे. त्यामुळे दगड किती जड आहे यापेक्षा तो कशावर आणि किती जागी टेकला आहे, याकडे अधिक लक्ष द्यावे.

लागणारे साहित्य

- गवंडी वापरतात तशी पाणसळ आणि मोजपट्टी
- दगड तोलण्यासाठी वजनकाटा
- कडक तारांचा किंवा नायलॉनचा ब्रश, ज्याला साबण कधीही लागलेला नाही असा
- पांढरे व्हिनेगर, एक लोखंडी खिळा आणि लोहचुंबक
- पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी), जीएच (एकूण कठीणता, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे प्रमाण), केएच (कार्बोनेट कठीणता), अमोनिया आणि नायट्राइट मोजण्याचे किट. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजणारे मीटर असल्यास उत्तम
- टाकीच्या तळाच्या मापाचा पुठ्ठा
- ३ ते ५ मिलिमीटर जाडीचे अ‍ॅक्रिलिक शीट किंवा दिव्यांच्या पेटीवर बसवतात तशी चौकोनी घरांची प्लास्टिक जाळी
- बुरशीनाशक न मिसळलेले, मत्स्यटाकीसाठीचे शुद्ध सिलिकॉन
- झाकणाच्या दोन-तीन स्वच्छ बादल्या, एअर पंप आणि एअर स्टोन
- पाणी काढण्याची नळी, क्लोरीन घालवणारे द्रावण, रबरी पकड असलेले हातमोजे, जुने टॉवेल
- मदतीला एक माणूस

यातला शेवटचा मुद्दा लोक सर्वांत आधी गाळतात. आठ-दहा किलोंपेक्षा जड दगड ओल्या हातांनी काचेच्या कडेवरून आत उतरवणे हे एकट्याचे काम नाही.

१. आधी वजनाचा हिशेब मांडावा

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच अशी टाकी काठोकाठ भरली, तर तिच्यात सुमारे १८२ लिटर पाणी मावते. ४० सेंटिमीटरपर्यंत भरल्यास ते १६२ लिटर होते. ग्रॅनाइट किंवा गारगोटीसारखा दगड तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा साधारण २.६५ पट जड असतो. काळा बसाल्ट त्याहून थोडा अधिक, तर वालुकाश्म काहीसा हलका असतो. सच्छिद्र लाव्हा दगड आकाराच्या मानाने बराच हलका भरतो.

आता ४० किलो ग्रॅनाइट या टाकीत ठेवला, तर तो सुमारे १५ लिटर जागा व्यापेल आणि पाण्याची पातळी तीच ठेवायची असल्यास तेवढे पाणी बाहेर काढावे लागेल. म्हणजे स्टँडवर प्रत्यक्षात वाढणारा भार ४० नव्हे, २५ किलोंचा असतो. तरीही काच, वाळू, दगड आणि पाणी मिळून अशा टाकीचे वजन स्टँड सोडून अडीचशे किलोंच्या घरात जाते, हे लक्षात ठेवावे. स्टँड टाकीसाठीच बनवलेला असावा, तो डुगडुगत नसावा, आणि पाणसळ लांबीत, रुंदीत व तिरकस अशी तिन्ही प्रकारे ठेवून तो समतल असल्याची खात्री करावी. स्टँड आधीच कललेला असेल, तर दगड घालण्याचा विचार तेथेच थांबवावा आणि टाकी रिकामी करून स्टँड दुरुस्त करून घ्यावा. भरलेल्या टाकीखाली पाचर ठोकून ती सरळ करण्याचा प्रयत्न कोणीही करू नये, कारण त्या पाचरेवरच काचेचा सगळा ताण एकवटतो.

२. टाकीचा तळ कोणत्या प्रकारचा आहे, ते पाहावे

टाक्यांचे तळ ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. एका प्रकारात खालच्या बाजूने प्लास्टिकची चौकट असते आणि तळाची काच त्या चौकटीत स्टँडच्या फळीपासून किंचित वर राहते. सगळा भार चौकटीच्या कडांवरून स्टँडवर उतरतो. अशा टाकीखाली फोम किंवा थर्माकोल घालायचा नसतो, कारण तो तळकाचेला खालून वर दाबतो. दुसऱ्या प्रकारात चौकट नसते आणि तळकाच पूर्ण क्षेत्रफळाने स्टँडवर टेकते. तिच्याखाली मऊ चटई घालण्याची पद्धत आहे, जेणेकरून फळीवरचा एखादा उंचवटा किंवा वाळूचा कण काचेला टोचू नये. आपल्या टाकीच्या निर्मात्याने याबाबत काही सूचना दिली असेल, तर तीच प्रमाण मानावी.

दुसरा भेद काचेचा आहे. साध्या काचेला तडा गेला, तर तो बहुधा रेषेसारखा पसरतो आणि पाणी गळू लागते. टफन केलेली, म्हणजे तापवून झटकन थंड करून मजबूत केलेली काच एकूण भार अधिक पेलते, पण तिच्या पृष्ठभागाला खोल इजा झाली की ती एका क्षणात बारीक तुकडे होऊन विखुरते. तयार मिळणाऱ्या अनेक टाक्यांची तळकाच टफन केलेली असते. त्यामुळे ‘माझी काच टफन आहे, तिला काही होत नाही’ हा विश्वास टोकदार दगडांच्या बाबतीत उपयोगाचा नाही.

टोकाखाली नेमके काय घडते, ते आकड्यांत पाहू. वर सांगितलेल्या टाकीत ४० सेंटिमीटर पाणी तळाच्या दर चौरस सेंटिमीटरवर ४० ग्रॅमचा भार टाकते. बारा किलोंचा दगड पाण्याखाली साधारण साडेसात किलोंचाच भार देतो. तो तीन टोकांवर टेकला, तर प्रत्येक टोकावर अडीच किलो येतात. पण त्या टोकाचा काचेला लागणारा भाग जर दहा चौरस मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही लहान असेल, तर तेथे दर चौरस सेंटिमीटरला २५ किलो असा दाब पडतो. पाण्याच्या दाबाच्या सहाशेपटींहून अधिक. त्या जागी काचेवर आधीच एखादा बारीक ओरखडा असेल, तर तडा तेथूनच सुरू होतो. कित्येकदा तो लगेच न जाता काही दिवसांनी जातो आणि मग दगडाचा त्याच्याशी संबंध कोणाच्या लक्षातही येत नाही.

३. दगडाची परीक्षा घ्यावी

दगड गोळा करून आणला असेल, तर तो जेथून आणला तेथून उचलण्यास परवानगी होती का आणि आसपास कारखान्याचे सांडपाणी किंवा शेतातील फवारणी होती का, हे आधी स्वतःला विचारावे. उत्तर खात्रीचे नसेल, तर तो दगड टाकीत घालू नये.

पहिली परीक्षा कानाची. दगड हातोडीने हलकेच ठोकावा. एकसंध दगड खणखणीत वाजतो, तर आतून भेगाळलेला दगड बद्द आवाज देतो. ज्याचे पोपडे नखाने निघतात, जो भिजल्यावर चुरा सोडतो किंवा ज्याच्यात मातीचे थर आहेत, असा दगड भार पेलण्यासाठी वापरू नये. ड्रॅगन स्टोन या नावाने मिळणारा खाचाखळग्यांचा दगड मातीचाच बनलेला असतो. तो पाण्याच्या दृष्टीने निर्धोक आहे, पण त्याचे काठ ठिसूळ असल्याने त्याच्यावर दुसरा जड दगड चढवणे मी टाळतो.

दुसरी परीक्षा डोळ्यांची. गंजासारखे तांबूस पट्टे, सोन्यासारखी चकाकणारी पायराइटची शीर, हिरवा-निळा डाग यांपैकी काहीही दिसले, तर दगड बाजूला ठेवावा. हिरवा-निळा रंग तांब्याचा असू शकतो आणि तांबे अगदी थोड्या प्रमाणातही कोळंबी व गोगलगायींना मारक ठरते. लोहचुंबक चिकटला, तर लोह आहे एवढे कळते; बसाल्टमध्येही थोडे चुंबकीय खनिज असते, म्हणून फक्त चुंबक ओढला गेला या कारणावरून बसाल्ट टाकून देण्याची गरज नाही.

तिसरी परीक्षा चुनखडीची. दगडात कॅल्शियम कार्बोनेट असेल, तर ते हळूहळू विरघळून पाण्याची कठीणता आणि पीएच वाढवते. त्यासाठी दगडावर व्हिनेगर टाकून बुडबुडे पाहण्याची रीत सर्वांना ठाऊक असते, पण ती अर्धवट केली जाते. कोरड्या सच्छिद्र दगडावर कोणताही द्रव टाकला, तरी छिद्रांतली हवा बाहेर येऊन बुडबुडे दिसतात आणि निर्धोक लाव्हा दगडसुद्धा नापास होतो. म्हणून दगड आधी साध्या पाण्यात भिजवावा. मग खिळ्याने एक जागा खरवडून आतला ताजा पृष्ठभाग उघडा करावा आणि पडलेली पूडही तेथेच राहू द्यावी. त्यावर व्हिनेगरचे काही थेंब टाकून एक-दोन मिनिटे अगदी जवळून पाहावे. जमल्यास कानही लावावा. चुनखडी आणि संगमरवर बारीक फसफसतात. डोलोमाइट हा कार्बोनेटचाच दगड मात्र अखंड पृष्ठभागावर जवळपास गप्प राहतो आणि पुडीवरच किंचित बुडबुडे दाखवतो. व्हिनेगर हे सौम्य आम्ल असल्याने ते गप्प राहिले म्हणजे दगड निर्धोक, असा निष्कर्ष काढता येत नाही. तीव्र आम्ल वापरण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. घरात, मुलांच्या आणि प्राण्यांच्या वावरात ते हाताळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्याहून चांगली परीक्षा उपलब्ध आहे.

ती परीक्षा बादलीची. दोन बादल्यांत तुमच्या टाकीत वापरता तेच पाणी समप्रमाणात घ्यावे, एकीत घासून धुतलेला दगड ठेवावा आणि दुसरी तशीच राहू द्यावी. दोन्ही झाकून शेजारी-शेजारी ठेवाव्यात. पहिल्या दिवशी, आठवड्याने आणि दोन आठवड्यांनी दोन्हींचा पीएच, जीएच, केएच आणि शक्य असल्यास टीडीएस मोजावा. दुसरी बादली अनावश्यक वाटते, परंतु नळाच्या पाण्याचा पीएच नुसते ठेवल्यानेही बदलतो आणि ती बादली नसेल, तर तो बदल दगडाच्या माथी मारला जातो. आरओचे मऊ पाणी वापरत असाल किंवा वनस्पतींसाठी कार्बन डायऑक्साइड सोडत असाल, तर अधिक सावध राहावे, कारण अशा पाण्यात कार्बोनेट अधिक वेगाने विरघळते.

कठीणता वाढवणारा दगड वाईटच असतो, असे मात्र नाही. मलावी आणि टांगानिका सरोवरांतील सिक्लिड माशांना कठीण, अल्कधर्मी पाणी मानवते आणि त्यांच्या टाकीत चुनखडी उपकारकच ठरते. डिस्कस किंवा निऑन टेट्रासारख्या मऊ पाण्यातल्या माशांसाठी तोच दगड गैरसोयीचा आहे. सेर्यू या नावाने विकला जाणारा करडा, पांढऱ्या शिरांचा दगड देखणा असला, तरी तो बहुधा कठीणता वाढवतो, हे विकत घेण्याआधी माहीत असावे.

४. दगड स्वच्छ करावा

वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासावा, खाचांतली माती, शेवाळ आणि मुळे काढावीत, गरम पाण्यात बुडवून ठेवावा आणि नंतर काही दिवस कडक उन्हात वाळवावा. साबण किंवा डिटर्जंट कधीही वापरू नये. दगड उकळू नये आणि ओव्हनमध्ये तर मुळीच ठेवू नये. आत अडकलेल्या ओलाव्याची वाफ होऊन दगड फुटू शकतो आणि त्याच्या कपच्या डोळ्याला इजा करू शकतात.

५. रचना आधी टाकीबाहेर करावी

या टप्प्याला कितीही वेळ लागला, तरी तो वाया जात नाही. तळाच्या मापाचा पुठ्ठा जमिनीवर अंथरावा आणि त्याच्यावर चारही बाजूंनी पाच सेंटिमीटर आत एक रेघ आखावी. दगड त्या रेघेच्या आतच राहावेत. कोणताही दगड काचेला टेकू नये, तसेच काच घासण्याचा चुंबक आणि आपला हात फिरेल एवढी जागा मोकळी असावी.

सर्वांत मोठा आणि सपाट बुडाचा दगड खाली ठेवावा. प्रत्येक दगड किमान तीन ठिकाणी, एकमेकांपासून दूर असलेल्या बिंदूंवर टेकला पाहिजे, आणि त्याच्या वजनाचा मध्य त्या तीन बिंदूंच्या आत पडला पाहिजे. दोन बिंदूंवर तोललेला दगड शांत दिसतो, पण एखादा मोठा मासा घासून गेला तरी तो फिरतो. दगड एका बाजूने उचलून, दुसऱ्या बाजूने दाबून, फिरवून पाहावा. जी बैठक आपोआप सापडते आणि जिथे तो ‘बसल्याचा’ आवाज येतो, ती धरावी. वरचे दगड किंचित आत, रचनेच्या मध्याकडे कललेले असावेत, म्हणजे काही सुटलेच तर ते आत पडेल, काचेवर नाही. रचना पूर्ण झाली की तळहाताने तिला चहूबाजूंनी ढकलून पाहावे. हाताने ढकलल्यावर एखादा दगड डुगडुगत असेल, तर खाली छोटी चीप सारून तात्पुरते भागवू नये. तो काढून वेगळ्या बाजूने बसवावा. चीप कालांतराने निसटतेच.

कपारी ठेवताना माशांचाही विचार करावा. प्रत्येक गुहेला शक्यतो दोन तोंडे असावीत आणि तुमच्या सर्वांत मोठ्या माशाला आत वळता येईल एवढी ती रुंद असावी. आत जाता येते पण परत फिरता येत नाही, अशी निमुळती फट माशासाठी सापळाच असतो. लांब परांचे किंवा तळाशी वावरणारे मासे असतील, तर धारदार कडा दुसऱ्या दगडावर घासून बोथट कराव्यात.

रचना पक्की झाली की वरून, समोरून आणि दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक दगडावर खडूने क्रमांक घालावा आणि पुठ्ठ्यावर तळाच्या दगडांची बाह्यरेषा काढून घ्यावी. गढूळ पाण्यात काम करताना या खुणांचाच आधार असतो.

दगड चिकटवावेत का, असा प्रश्न नेहमी येतो. उंच रचनेत चिकटवणे चांगले, परंतु मुळात न चिकटवता स्थिर उभी राहणारी रचनाच चिकटवावी. सिलिकॉन धुळकट किंवा ओल्या दगडाला धरत नाही. दगड पूर्ण कोरडा आणि घासलेला हवा. पातळ थर साधारण २४ ते ४८ तासांत सुकतो, पण सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने सुकत असल्यामुळे जाड गोळ्याला त्याहून बराच अधिक वेळ लागतो. व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत थांबावे. साधे सिमेंट वापरण्याचा मोह टाळावा. ते बराच काळ पीएच वाढवत राहते. आणि चिकटवलेला गठ्ठा दोन माणसांना उचलून आत नेता आला पाहिजे, हेही आधीच तपासावे.

६. टाकी आणि मासे तयार करावेत

सर्वप्रथम हीटर बंद करून तो थंड होऊ द्यावा, मग फिल्टर आणि दिव्यासह सर्व प्लग काढावेत. गरम हीटर पाण्याबाहेर राहिला, तर त्याची काच तडकते, आणि दगडाचा धक्का लागलेला हीटर पाण्यात वीज उतरवू शकतो. तो काम संपेपर्यंत टाकीबाहेर काढून ठेवणेच बरे.

टाकीतलेच पाणी बादलीत घेऊन मासे त्यात हलवावेत, एअर स्टोन चालू करावा आणि बादली झाकावी, कारण घाबरलेले मासे उडी मारतात. मासे आत ठेवूनच ‘एकच दगड तर घालायचा आहे’ असे म्हणणारे बरेच असतात. पण दगड खाली जाताना मासा नेमका कोठे लपायला धावेल, हे सांगता येत नाही, आणि तो बहुधा दगडाच्या सावलीतच धावतो. फिल्टरचा स्पंज आणि इतर माध्यम टाकीच्याच पाण्यात ओले ठेवावे. अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात वसलेले असतात आणि त्यांना प्राणवायू लागतो, म्हणून कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा डबाबंद फिल्टर) बंद करून तासन्‌तास तसाच ठेवू नये.

जेथे दगड बसणार आहेत, त्या भागातील वाळू नळीने नीट उपसून साफ करावी. जुन्या, जाड थरात साचलेला गाळ एकदम उसळला, तर पाण्यात अमोनिया वाढतो, आणि ऑक्सिजन नसलेल्या खालच्या थरातून सडक्या अंड्यासारखा वास आला, तर तो विषारी हायड्रोजन सल्फाइड असतो. असे पाणी टाकीत ठेवू नये.

आता पाणी साधारण एक-तृतीयांशापर्यंत उतरवावे. टाकी पूर्ण कोरडी करण्यापेक्षा हे मला अधिक सोयीचे वाटते, कारण पाण्यात शिरताच दगड हलका होतो आणि हातातून सुटलाच तरी त्याचा वेग कमी राहतो. नवीनच टाकी रचत असाल, तर अर्थातच कोरड्या टाकीत काम करावे, तळाशी शीटवर जुना टॉवेल पसरावा आणि दगड बसण्याच्या क्षणी तो ओढून घ्यावा.

७. तळावर आधार घालावा

दगडांच्या जागेवरील वाळू हाताने बाजूला सारून तळकाच दिसू लागेपर्यंत साफ करावी. नंतर बोटांच्या टोकांनी त्या जागेवरून हळूहळू हात फिरवावा. खडीचा एकच दाणा शीटखाली राहिला, तर ज्या टोकदार भारापासून आपण काच वाचवत आहोत, तोच भार तो दाणा खालून निर्माण करतो.

मग मापाने कापलेले शीट किंवा जाळी ठेवावी. ती कडेच्या काचेपासून दोन-तीन सेंटिमीटर आत असावी, जेणेकरून सिलिकॉनच्या सांध्यांवर तिची कड चढणार नाही आणि वाळू भरल्यावर ती बाहेरून दिसणारही नाही. अ‍ॅक्रिलिक पाण्यात बुडते, हे सोयीचे. पीव्हीसी फोम बोर्ड आणि थर्माकोल तरंगतात. दगड बसेपर्यंत ते वर येत राहतात आणि थर्माकोल मासे कुरतडू लागले, तर त्याचे दाणे पाणीभर पसरतात. म्हणून टाकीच्या आत मी थर्माकोल वापरत नाही. वाळूखाली जाळीचा फिल्टर बसवलेला असेल, तर त्याच्या पोकळ तबकावर जड दगड ठेवू नयेत. तबक दबते आणि पाण्याचा प्रवाहही अडतो.

दगड वाळूवर ठेवावेत की वाळू नंतर भरावी? दगड आधी, वाळू नंतर. सिक्लिड, लोच यांसारखे मासे सतत उकरतात आणि वाळूवर उभ्या असलेल्या दगडाचा पाया एका रात्रीत काढून घेऊ शकतात. रचना कोसळण्याचे आणि खाली मासा चिरडण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. शीटवर थेट टेकलेल्या दगडाभोवती ते कितीही उकरोत, दगड जागचा हलत नाही.

८. दगड आत उतरवावेत

टाकीच्या वरच्या कडेवर टॉवेल टाकावा. दगड त्या कडेवर किंवा वरच्या आडव्या पट्टीवर क्षणभरही टेकवू नये. दोघांनी समोरासमोर उभे राहून दगड दोन्ही बाजूंनी धरावा आणि एकाने बोलून सूचना द्यावी. दगड आधी एका काठावर टेकवावा, त्या बाजूची बोटे काढून घ्यावीत, मग दुसरी बाजू हळूच खाली सोडावी. खाली हात अडकला म्हणून दचकून दगड सोडला जातो. हा धोका काचेला आहे तितकाच बोटांनाही आहे.

खालचा थर बसल्यावर प्रत्येक दगड पुन्हा दाबून पाहावा. बाहेर स्थिर असलेला दगड आत थोडा वेगळा बसू शकतो. त्यानंतरच वरचे दगड चढवावेत. दगड घालताना पाण्याची पातळी वाढत जाते, तेव्हा मदतनिसाने नळी हाताशी ठेवावी. फिल्टरचे पाणी ओढणारे तोंड दगडाने झाकले जाणार नाही आणि हीटरला दगड चिकटणार नाही, हे याच वेळी पाहून घ्यावे. रचनेच्या मागे पाणी खेळले नाही, तर तेथे गाळ साचत राहतो, म्हणून फिल्टरचा झोत दगडांच्या मागून फिरेल असा वळवावा. सगळे मनासारखे झाले की वाळू दगडांभोवती हाताने भरून घ्यावी.

९. टाकी भरावी आणि लक्ष ठेवावे

क्लोरीन घालवलेले, पूर्वीच्याच तापमानाचे पाणी एखाद्या ताटलीवर किंवा दगडावर हळू सोडत भरावे. मध्येच थांबून तळाच्या आणि उभ्या कडांवर कोरडा कागद फिरवून पाहावे. ओल आली, तर पुढे भरू नये. पातळी हीटरवरील किमान खुणेच्या वर गेल्यावर थोडा वेळ थांबून मगच हीटर लावावा. फिल्टर सुरू करून पाणी निवळू द्यावे, तापमान जुळवावे आणि मग मासे सोडावेत.

दुसऱ्या दिवशी आणि त्यानंतरचा आठवडाभर रोज अमोनिया आणि नायट्राइट मोजावेत. यांपैकी काहीही आढळले, तर पाणी बदलावे आणि खाणे कमी करावे. दगडांवर तपकिरी लेप दिसू लागला, तर घाबरण्याचे कारण नाही. ते डायॅटम शेवाळ नव्या पृष्ठभागावर येतेच आणि बहुधा आपोआप ओसरते. पीएच व केएच मात्र महिनाभर आठवड्यातून एकदा मोजत राहावेत, कारण चुन्याचा परिणाम हळू उमटतो.

काच तडकल्याचा आवाज आला किंवा तळाशी ओल दिसली, तर दगड काढण्यासाठी आत हात घालू नये. आधी मेन स्विचवरून वीज बंद करावी, मग नळीने पाणी उपसून मासे बादलीत घ्यावेत. दगडांना टाकी रिकामी झाल्यावरच हात लावावा.

१०. पुढची देखभाल

महिन्यातून एकदा, पाणी बदलताना, वरच्या दगडांना हलकेच ढकलून पाहावे. सुटे दगड काढायचे झाल्यास नेहमी वरून खाली या क्रमाने काढावेत. मधला दगड ओढू नये. मासा पकडण्यासाठी दगडांत जाळे खुपसण्याऐवजी पाणी उतरवून रचनाच क्रमाने काढणे माशासाठीही कमी त्रासाचे असते. टाकी हलवायची असेल, तर दगड आणि पाणी आत ठेवून ती इंचभरही सरकवू नये.

औषध देताना टाकीवर छापलेला आकडा वापरू नये. वरच्या उदाहरणात १८२ लिटरची टाकी ४० सेंटिमीटरपर्यंत भरली, तर १६२ लिटर होतात. त्यातून दगडांचे १५ लिटर वजा करावेत. पाच सेंटिमीटर वाळूचा थर २० लिटर जागा घेतो, पण दाण्यांमधील पोकळीत पाणी असल्यामुळे प्रत्यक्षात सुमारे १२ लिटरच वजा होतात. उरते १३५ लिटर. १८२ लिटरच्या हिशेबाने दिलेली मात्रा त्यामुळे एक-तृतीयांशाने जास्त होईल, आणि तांबेयुक्त औषधाच्या बाबतीत एवढा फरक कोळंबीच नव्हे, माशांच्याही जिवावर बेतू शकतो. दगड बसवले त्याच दिवशी हा हिशेब करून खरा आकडा कागदावर लिहावा आणि तो स्टँडच्या दाराला आतून चिकटवून ठेवावा.